माळढोक आणि पडीक म्हटलेली जमीन

सोलापुराहून तुळजापुरास जाणारा यात्रेकरू वाटेत फारसे काही पाहत नाही. शहराची वस्ती मागे पडली, की दोन्ही बाजूंस मोकळा, सखल-उंच प्रदेश लागतो. मध्येच ज्वारीचे एखादे शेत, चार बाभळी, तरवडाची झुडपे, आणि बाकी सारे गवत. पावसाळ्यात ते पोपटी असते, दिवाळीनंतर पिवळे पडते, आणि फाल्गुनात तर मुरमाचा तांबडा रंगच वर येतो. श्रीभवानीच्या दर्शनाची ओढ लागलेल्या माणसास हा प्रदेश ओलांडून जाण्यापुरताच असतो. "येथे काय आहे?" असे कोणी विचारिले, तर "काही नाही, माळ आहे" असे उत्तर मिळते. या 'काही नाही'तच एक पक्षी हजारो वर्षे सुखाने नांदत होता, आणि त्या दोन शब्दांनीच अखेर त्याचा घात केला. धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील तुळजापूर तालुका, त्यास लागून असलेला उत्तर सोलापूर, आणि पश्चिमेस परंडे-करमाळ्याकडे उतरत जाणारे माळ ही या पक्ष्याची, म्हणजे माळढोकाची, दख्खनमधील जुनी मिरास होय.

ज्यांनी हा पक्षी पाहिला नाही, आणि आता बहुतेकांनी तो पाहिलेला असण्याचा संभव नाही, त्यांच्यासाठी त्याचे थोडे वर्णन करणे अवश्य आहे. उंची सुमारे एक मीटर. म्हणजे उभ्या ज्वारीच्या कडेने चालू लागला तर लांबून एखादे लहान मूल चालल्याचा भास व्हावा. पाठ तपकिरी, मान पांढुरकी व लांब, डोक्यावर काळी टोपी. नराचे वजन बारा-चौदा किलोपर्यंत भरते. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातील अत्यंत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना आहे. मादी त्या मानाने पुष्कळ लहान. पायांस मागचे बोट नाही. त्यामुळे तो झाडावर बसतच नाही. जन्मापासून मरणापर्यंत त्याचा संसार जमिनीवर. पाऊस पडून गवत उगवले की नर एखादा उंचवटा गाठतो, गळ्याखालील पिशवी फुगवून ती जवळजवळ जमिनीस टेकेल इतकी लोंबवितो, शेपूट उलटी पाठीवर घेतो आणि खोल, घुमणारा आवाज काढतो. 'हूम' हे त्याचे दुसरे मराठी नाव या आवाजावरूनच पडले असे सांगतात. तो आवाज उघड्या माळावर अर्ध्या किलोमीटरपर्यंत ऐकू जातो. मध्ये झाडी वाढली तर तो आवाज अडतो, आणि मादीस नर दिसतही नाही. ही गोष्ट लहान दिसते, परंतु पुढे तिचे महत्त्व कळून येईल.

मादी वर्षास बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, कसलेही घरटे न बांधता. सुमारे सत्तावीस दिवस ती ते एकटी उबविते. नर संसारास काही हातभार लावीत नाही. कोल्हा, मुंगूस, कावळा, गावचे मोकाट कुत्रे, चुकून पडलेले म्हशीचे पाऊल, यांपैकी काहीही त्या एका अंड्यास पुरे असते. ज्या पक्ष्याची वंशवृद्धी इतकी सावकाश, त्याच्या संख्येत एकदा खोट आली, की ती भरून निघण्यास पिढ्या लागतात. तित्तर, लावे यांचे तसे नाही. एका हंगामात त्यांची दहा-बारा पिल्ले होतात, आणि पारध्याचे फासे चुकवूनही त्यांचा वंश टिकतो. माळढोकाचा हिशेब मुळातच वेगळा आहे.

खाण्याच्या बाबतीत मात्र तो अत्यंत उदार आहे. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोराटीची बोरे, भुईमूग, हरभरा, ज्वारीचे दाणे, जे मिळेल ते तो खातो. म्हणून जिरायती शेतकऱ्याशी त्याचे पूर्वी वैर नव्हते. रब्बीची ज्वारी, मधून तूर-करडई, आणि बांधापलीकडे गवत, हा मेळ त्याच्या प्रकृतीस मानवणारा. पूर्वीच्या खेडुतांनी त्यास हाकलून दिले नाही, त्याचे कारण केवळ भूतदया नव्हे. पिकावरची कीड खाणारा हा पाहुणा त्यांस फारसा जड नव्हता, हेही त्यात होते.

माळाचे गवत पूर्वी आपोआप टिकत होते असेही समजू नये. घोडदळाच्या काळात गवत ही राज्याची दौलत होती. पेशवाईत सरकारी कुरणे राखून ठेविलेली असत; पावसाळाभर त्यांत गुरे शिरू द्यावयाची नाहीत, दसऱ्यानंतर गवत कापून गंज्या रचावयाच्या, आणि मग चराईस मोकळीक द्यावयाची, अशी साधारण रीत होती. नकळत का होईना, मादीच्या अंड्यावर येण्याच्या दिवसांत माळ निर्वेध राहत असे, आणि कापणीनंतर गवत आखूड होऊन पक्ष्यास चरण्या-फिरण्यास सोयीचे होत असे. कोणा शास्त्रज्ञास आज माळढोकासाठी नियम घालून देण्यास सांगितले, तर तो याहून फार वेगळे नियम सांगणार नाही.

घोडदळे गेली, आणि त्यांच्या जागी बंदुका आल्या. इंग्रजी अंमल दख्खनमध्ये बसला, तेव्हा नगर व सोलापूर येथील लष्करी छावण्यांतील अंमलदारांस हा पक्षी म्हणजे शिकारीचा व ताटाचा मोठा मान वाटे. त्याच्या मांसाची कीर्ती जुनी; बाबर बादशहानेही आपल्या आत्मचरित्रात ती गाइली आहे. कर्नल साइक्स हे मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची पाहणी करीत होते. त्यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, आणि तेव्हा माळढोक या प्रांतात चांगलाच सर्वत्र होता. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका साहेबाने नगरच्या बाजूस ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाच्या बंदुकीने ९६१! आज साऱ्या हिंदुस्थानात जितके माळढोक उरले आहेत, त्यांच्या कित्येक पटींनी ही संख्या मोठी आहे.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. याच माळढोकाचा एक भाऊबंद युरोपात राहतो, आणि पूर्वी तो इंग्लंडच्या गवताळ पठारांवरही होता. विल्टशर परगण्याच्या राजचिन्हात आजही त्याचे चित्र आहे. मॅन्सफील्ड नगरास बंदूक चालवीत होता, त्याच सुमारास इंग्लंडातील तो भाऊबंद अखेरच्या घटका मोजीत होता; १८३२ नंतर त्याने तेथे अंडी घातल्याची नोंद नाही. तेथेही बंदूक होतीच, परंतु गवताळ रानांस कुंपणे घालून ती नांगराखाली आणली गेली, हे कारण अधिक मोठे. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, २००४ मध्ये, रशियातील सारातॉव्ह प्रांतातून पिल्ले आणून इंग्रजांस तो पक्षी आपल्या भूमीवर पुन्हा वसवावा लागला. अपार खर्च, अपार खटपट, आणि फळ थोडे. घालवणे सोपे असते.

धाराशिवचा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता. १८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा, म्हणजे जवळजवळ आजचा धाराशिव, इंग्रजांकडे आला, आणि १८६० मध्ये तो निजामास परत मिळाला. या मधल्या काळात मेडोज टेलर हे नळदुर्गास कारभार पाहत होते. 'ठगाची जबानी' या पुस्तकाने ज्यांचे नाव सर्वांस ठाऊक झाले, तेच हे. त्यांनी जमिनीच्या मोजणीचे व साराबंदीचे काम तेथे हाती घेतले. इंग्रजी दख्खनमध्ये हे काम इंदापूर तालुक्यापासून १८३५ च्या सुमारास आधीच सुरू झाले होते. या मोजणीने रयतेचे पुष्कळ हित झाले, यात संशय नाही. साऱ्याची अनिश्चितता गेली. परंतु तिने जमिनीकडे पाहण्याची एक दृष्टीही घालून दिली. जी सारा देते ती जमीन. जी देत नाही ती 'पडीक', 'खराबा'. शेतातला जो तुकडा नांगरता येत नाही, त्यास अजूनही सात-बाराच्या उताऱ्यावर 'पोटखराबा' असे म्हणतात. शब्द साधाच, परंतु शंभर-दीडशे वर्षे रोज वापरला की तो माणसाच्या मनात घर करतो. ज्यास दप्तरात खराब म्हटले, त्याचे जतन कोण करणार? त्याची फक्त 'सुधारणा' करावयाची असते.

बंदुकीसंबंधी मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे. एकोणिसाव्या शतकभर मारले जाऊनही माळढोक दख्खनमधून नाहीसा झाला नाही. तो अतिशय सावध. उघड्यावर माणूस दिसताच कोस अर्धा कोस चालत दूर जाणारा. बैलगाडीस मात्र तो बिचकत नसे, कारण शेतकऱ्याची गाडी त्याच्या रोजच्या ओळखीची. शिकारी हे ओळखून होते. गाडीआड दडून, गोल फेरा घेत घेत ते टप्प्यात येत. तरीही ती शिकार कष्टाची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या सर्वत्र झाल्या, आणि माळावर गाडी पळवीत रात्रीच्या दिव्यात पक्षी टिपणे हा पोरखेळ झाला. त्यानंतरची पंचवीस वर्षे या पक्ष्यास फार वाईट गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास पहिल्या अनुसूचीत घातले व शिकार सर्वथा बंद केली. बंदूक बऱ्याच अंशी थांबली. उतरण थांबली नाही. १९६९ मध्ये देशभर सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता; १९७८ मध्ये ७४५; २००१ मध्ये ६००; २००८ मध्ये ३००. कायद्याच्या आधीपेक्षा कायद्याच्या नंतर पक्षी अधिक वेगाने गेला, असे हे आकडे वाचणाऱ्यास वाटेल, आणि त्याचे कारण बंदुकीत सापडणार नाही.

त्याच १९७२ साली महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. धाराशिव, सोलापूर, बीड, नगर हे त्याचे माहेरघर. माणसे खडी फोडण्याच्या कामावर, गुरे छावण्यांत वा कसायाकडे, आणि माळावर गवताची काडी नाही. या सुमारास सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांस शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवरील नान्नज येथील माळावर माळढोक आढळले. त्यांनी ही गोष्ट सरकारच्या व पक्षिशास्त्रज्ञांच्या कानी घातली, आणि घालीत राहिले. दुसरीकडे दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यात वनखात्याने नान्नज, मार्डी इत्यादी गावांच्या माळांवरील कित्येक तुकडे कुंपण घालून बंद केले. हेतू होता गुरांस वैरण मिळावी हा, माळढोक कोणाच्या मनातही नव्हता. परंतु दोन-चार पावसाळ्यांत त्या कुंपणाआड पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते उठली, नाकतोडे आले, आणि त्यांच्या मागे माळढोक आले. पेशवाईतील कुरण जणू दुष्काळाच्या निमित्ताने परत आले! मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० नंतर येथे मुक्काम ठोकून या पक्ष्याचा अभ्यास केला, आणि आज त्याच्या वागणुकीविषयी जे ज्ञान आहे, त्यातील पुष्कळसा भाग नान्नज व मध्य प्रदेशातील करेरा या दोन ठिकाणच्या अभ्यासातून आलेला आहे.

या सोसायटीचे थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी भारताचा राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाचे नाव सुचविले होते. त्यांचे म्हणणे असे, की मोर सर्वांचा लाडका आहेच, त्यास या मानाची गरज नाही. ज्यास गरज आहे त्यास तो द्यावा. १९६३ मध्ये मान मोरास मिळाला. इंग्रजी लिपीत माळढोकाच्या इंग्रजी नावाचा उच्चार एका शिवीशी जुळतो, म्हणून तो मागे पडला असे पुष्कळ जण सांगतात. सरस्वतीच्या वाहनाशी या तपकिरी पक्ष्याची स्पर्धा अशीही अवघडच होती.

१९७९ मध्ये महाराष्ट्र सरकारने माळढोक अभयारण्य घोषित केले. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. या आकड्याचा अर्थ श्रोत्यांस सहज ध्यानात यावा म्हणून एवढेच सांगितले पाहिजे, की आजच्या संपूर्ण धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्र साडेसात हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे अभयारण्य एका जिल्ह्याहून मोठे! सोलापूर व नगर या जिल्ह्यांतील कित्येक तालुक्यांची गावे, बाजार, मळे, विहिरी, रस्ते हे सारे त्यात आले; आणि प्रत्यक्ष गवताची, वनखात्याच्या ताब्यातील कुरणे मात्र त्या विस्तीर्ण क्षेत्रात बेटांसारखी विखुरलेली. नकाशावर रंग भरणे आणि माळ राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या वेळी कोणास सुचले नाही, किंवा सुचूनही कोणी बोलले नाही.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. जमिनीच्या खरेदी-विक्रीस अडचण, बांधकामास अडचण, रस्ता-कालव्यास परवानगी हवी. आणि या साऱ्याचे कारण विचारिले तर उत्तर एकच, माळढोक. ज्या शेतकऱ्याने तो पक्षी कधी पाहिला नाही, त्याच्या मुलीच्या लग्नासाठी काढावयाचे कर्ज त्या पक्ष्यापायी अडू लागले. त्यात काळविटांची संख्या वाढली. कळप रात्री पिकांत शिरू लागले. त्यांचेही खापर माळढोकाच्याच माथी. ज्याच्या शेतात पक्षी उतरतो त्यास काही मिळण्याऐवजी त्याचेच काही जाऊ लागले, तर तो शेतकरी त्या अंड्याची राखण का करील? करेऱ्यासही हेच घडले. तेथील अभयारण्य १९८१ चे. गावकऱ्यांचा रोष वाढत गेला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथून माळढोक नाहीसाच झाला. अभयारण्य कागदावर पुढे कित्येक वर्षे राहिले. ज्याच्यासाठी ते होते तो मात्र उरला नव्हता.

लोकांची ओरड रास्त होती, आणि ती अखेर ऐकली गेली. पुष्कळ वर्षांच्या चौकशीनंतर व सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेल्या प्रकरणानंतर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. परंतु तोपर्यंत तीन दशके उलटली होती, आणि त्या तीन दशकांत माळाचे रूपच पालटले. भीमेवरील उजनी धरणाचे पाणी आले. उसाची शेते माळाच्या पायथ्यापर्यंत भिडली. धाराशिवकडे सोयाबीन पसरले. यंत्राने मुरूम फोडून त्यावर तळ्यातील काळी माती टाकिली की पोटखराब्याची द्राक्षबाग होते. आणि ज्या कुटुंबाने बहात्तरचा दुष्काळ पाहिला आहे, त्यास ती बाग करू नको असे सांगण्याचा अधिकार शहरात पंख्याखाली बसणाऱ्या कोणासही नाही. जे सरकारी गायरान होते त्यावर अतिक्रमणे झाली. आणि जेथे अतिक्रमण झाले नाही, तेथे वृक्षारोपण झाले.

या वृक्षारोपणाबद्दल थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण सुशिक्षित माणसाची दिशाभूल येथेच अधिक होते. झाड लावणे हे पुण्य अशी आपली परंपरागत समजूत आहे, आणि गावात, रस्त्याच्या कडेस, ओढ्याच्या काठी ती सर्वथा योग्य आहे. परंतु माळ म्हणजे झाडे तोडून ओस पडलेले रान, ही समजूत चुकीची होय. बालाघाटाच्या माथ्यावर मातीचा थर वीतभर, खाली मुरूम व काळा पत्थर, पाऊस सहा-सातशे मिलिमीटर आणि तोही लहरी; अशा ठिकाणी गवत हेच निसर्गाचे पूर्ण झालेले काम आहे. त्या गवताची मुळे माती धरून ठेवतात, पाणी जिरवितात, मेंढ्यांस चारा देतात. १९८५ मध्ये देशात राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ स्थापन झाले, आणि अशा माळांची गणना पडीक भूमीत होऊन त्यांवर गिरीपुष्प, सुबाभूळ अशी परदेशी झाडे ओळीने लावण्यात आली. वनखात्याच्या दप्तरात हेक्टरांचा आकडा वाढला. माळावर मात्र नराची हाक अडली. अंड्यावर बसलेल्या मादीस दूरवरचा शत्रू दिसेनासा झाला, आणि कावळ्यास टेहळणीकरिता फांदी मिळाली. ज्यांनी झाडे लावली त्यांचा हेतू वाईट नव्हता. साऱ्या कथेत वाईट हेतूची माणसे फारच थोडी आहेत, आणि म्हणूनच ती इतकी दुःखद आहे.

गवत राखावे म्हणजे ते संपूर्ण बंद करावे, असाही एक अतिरेक झाला. वर्षानुवर्षे कोणतेच जनावर न शिरलेल्या कुरणात गवत छातीएवढे माजते. मग माळढोक तेथे अंडे घालण्यापुरता येतो, चरण्यास व नाचण्यास त्यास आखूड गवत हवे असते. धनगराच्या मेंढ्या योग्य वेळी, योग्य संख्येने फिरल्या तर त्या माळाच्या शत्रू नव्हेत. कुरणाची राखण करणारे ते हातच आहेत. मात्र धनगरास कुंपणाबाहेर ठेवून उसाच्या मळ्यास कुंपणापर्यंत येऊ दिल्याने पक्ष्याचे काय हित झाले, हे कळणे कठीण आहे. अकोल्याकडे फासेपारधी समाजातील मंडळींनी माळावरील गवत व तणमोर पक्षी राखण्याचे काम अंगावर घेतले आहे. तणमोर हा माळढोकाचाच धाकटा नातलग. पावसाळ्यात गवतातून उंच उसळ्या घेणारा, आणि तोही असाच शिकारीच्या यादीतून दुर्मीळ पक्ष्यांच्या यादीत गेलेला. ज्यांच्या वाडवडिलांचे ज्ञान फाशाचे होते, त्यांच्याच हाती राखणीचे ज्ञान आहे, याचा नीट विचार सोलापूर-धाराशिवकडे अजून व्हावयाचा आहे.

अलीकडचे संकट आकाशातले आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस. सभोवतालचे त्यास उत्तम दिसते, परंतु समोरचे फारच थोडे. वजनदार शरीर, झटकन वळता येत नाही. समोर विजेची तार आली की तो तीवर आदळतो. राजस्थानच्या वाळवंटी प्रदेशात अशा तारांमुळे वर्षास सुमारे १८ माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान व गुजरातमधील माळढोकांच्या प्रदेशांतील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमिली. कोळशाचा धूर कमी करावयाचा तर सूर्याची व वाऱ्याची वीज हवी, आणि ती वीज याच मोकळ्या माळांवर होते. धाराशिव जिल्ह्यातही बालाघाटाच्या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्या तारा माळ ओलांडून जातात. ज्या जमिनीस 'काही नाही' म्हटले तीच सर्व नव्या उद्योगांस सर्वांत स्वस्त पडते.

नान्नजच्या माळावर आता एखाद-दुसऱ्या पक्ष्याचीच नोंद होते. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याकडे काही थोडे दिसत असत. जगात मिळून दीडशेहून कमी, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात. तेथे त्यास 'गोडावण' म्हणतात, आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यात रानातील अंडी गोळा करून, ती यंत्रात उबवून पिल्ले वाढविण्याचे काम चालले आहे. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने झालेले पहिले पिल्लूही तेथे जन्मले. या कामास यश येत आहे. पिंजऱ्यातील पिल्ले वाढतील, त्यांची पुढची पिढीही होईल, आणि मग कधीतरी प्रश्न येईल, की ती सोडावयाची कोठे?

तुळजापूर तालुक्यातील गंगेवाडी येथे सुमारे दोन चौरस किलोमीटरांचे एक लहानसे माळढोक अभयारण्य आहे. जिल्ह्याएवढ्या जुन्या अभयारण्यापुढे ते अगदी चिमुकले, परंतु ते खरोखर गवताचेच आहे. त्याच्या अवतीभवती गावांची गायराने आहेत, धनगरांच्या वाटा आहेत, जिरायती ज्वारीची काही शेते अद्यापि आहेत. गायरानाच्या नोंदीतून 'पडीक' हा शब्द काढून 'कुरण' हा लिहिला. ज्याच्या शेतात पक्षी उतरेल त्यास त्या हंगामाची भरपाई ठरविली. दसऱ्यापूर्वी चराई नाही व दसऱ्यानंतर आहे, हा जुना नियम ग्रामसभेने पुन्हा घातला. आणि माथ्यावरील तारांची वाट थोडी वळविली, तर यांतील एकाही गोष्टीस परदेशी पैसा वा नवे यंत्र लागणार नाही. गंगेवाडीच्या कुंपणाआड दरवर्षी मृगाच्या पावसानंतर पवन्या उगवते, चंडोल गवतावरून उंच चढत गातो, काळवीट चरतात, आणि मागावर कधी कधी लांडगाही येतो. राजस्थानातील पिंजऱ्यात वाढणाऱ्या पिल्लांना असाच माळ लागणार आहे, आणि तेथपासून तुळजापूरपर्यंत असे माळ मोजकेच शिल्लक आहेत.